राजलक्ष्मीचा रुसवा

केंदूरच्या देवळापुढं त्या दिवशी गर्दी माणसांची होती, पण मान वाहनांचा होता. पहिल्या रांगेत चार ट्रॅक्टर, त्यांच्यामागं सर्जेरावांचा टेम्पो, सहा-सात मोटारसायकली, एक मळणीयंत्र आणि कुणीतरी हौसेनं पाटावर बसवून आणलेली विहिरीवरची मोटर. सगळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार. दवाखान्यात तापानं फणफणलेलं पोर घेऊन बसावं, तशी माणसं आपापल्या यंत्राशेजारी अवघडून उभी होती. तपासायला चाकनाथ महाराज आले होते.

माणसांची मनं वाचणारे बुवा गावोगाव झाले होते. त्या धंद्यात चढाओढ फार. चाकनाथांनी शहाणपणानं वेगळं रान धरलं. ते यंत्रांची मनं वाचत. खरेदीची तारीख आणि चेसी नंबर सांगितला, की गाडीची रास, गण आणि नाडी हातात. मग बॉनेटला कान लावून ते डोळे मिटत, आणि लोक श्वास रोखून धरत.

"ह्यो ट्रॅक्टर मनुष्यगण हाय," महाराजांनी साहेबरावांना सांगितलं. "पन मानी हाय. मागं घेताना त्याला कमीपना वाटतो. रिव्हर्स टाकायच्या आधी म्हनायचं, बाबा, माफ कर."

"म्हनतो, म्हाराज," साहेबराव हात जोडून म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी बायकोला कधी माफ कर म्हटलं नव्हतं, ट्रॅक्टरला म्हणायला मात्र ते एका पायावर तयार झाले.

पुढची मोटारसायकल ब्रह्मचारी निघाली. तिच्या मालकाचं गेल्याच आठवड्यात लग्न ठरलं होतं, त्याचा चेहरा खर्रकन उतरला. विहिरीवरची मोटर लाजाळू होती, लोकांदेखत चालायची नाही. ती जळाली होती आणि वासावरून ते नाक असलेल्या कुणालाही कळलं असतं. पण कान लावणाऱ्यापुढं नाकाला कोण विचारतो?

एवढ्यात वेशीकडून गलका झाला. दहा-बारा गडी एक जीप ढकलत आणत होते. स्टिअरिंगवर रोहिदास, आणि त्याच्या डाव्या हाताला, मान खाली घालून, त्याची बायको वैजयंता, सगळ्यांची वैजू. गर्दीनं वाट दिली. आज ज्या खटल्यासाठी पाबळपर्यंतची माणसं आली होती, तो हाच. ही जीप या सुनेवर रुसली होती.

जीपचं नाव राजलक्ष्मी. वैजूचे सासरे बबनराव यांनी ती लष्कराच्या लिलावातून आलेली जुनी गाडी घेऊन तिला डिझेलचं इंजिन बसवलं होतं. घरच्या शेतातला झेंडू आणि शेवंती बाजारात तीच पोचवी. घरात तिला फार जपत. दसऱ्याला तिला साडी नेसवत. वैजू वैशाखात लग्न होऊन आली, त्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे धुरपदाबाईंनी, सुनेच्या आधी राजलक्ष्मीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. वैजूला तेव्हा हसू आलं होतं. लोखंडावर माया केली तर कुणाचं काय जातं, असं तिला वाटलं होतं.

दिवाळसणाला ती आणि रोहिदास राजलक्ष्मीतून राहूला निघाले. राहू तिचं माहेर, दौंड तालुक्यात, भीमेच्या पलीकडं. तळेगाव ढमढेरे ओलांडलं आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली. रोहिदासनं नाना खटपटी केल्या. शेवटी म्हणाला, "उतर जरा." ती उतरली, आणि गाडी सुरू झाली. मार्गशीर्षात माहेरच्या जत्रेला निघाले, तर पुन्हा तळेगावाच्या पुढं तेच. ती उतरली, गाडी सुरू. मात्र धुरपदाबाई त्याच सीटवर बसून रोज पाबळला फुलं पोचवून येत, तेव्हा राजलक्ष्मी शहाण्यासारखी चाले. मग आणखी काय पुरावा पाहिजे? धुरपदाबाईंनी महाराजांना निरोप धाडला. महाराजांनी हुकूम दिला, की सुनेला बसवून तळेगावला जा, तिथं टाकी भरा आणि परत या. गाडी केंदूरच्या वेशीपर्यंत आली आणि मेली.

महाराजांनी राजलक्ष्मीला प्रदक्षिणा घातली. बॉनेटला कान लावला. टायरची नाडी पाहिली. मग वैजूला खाली उतरायला सांगितलं, तिची सीट उचलली आणि सीटखालच्या टाकीचं शेंदरानं माखलेलं झाकण दोन्ही हातांनी हळूच फिरवलं.

"हुस्सऽऽ!"

गाडीनं सुस्कारा सोडला. पुढच्या रांगेतल्या प्रत्येकानं तो स्वतःच्या कानांनी ऐकला. दगडाबाई नावाच्या म्हातारीनं तर पदर डोळ्याला लावला. "बया बया! किती सोसलंय गं तिनं!"

"रडती हाय," महाराज म्हणाले. "म्हनती, म्या ह्या घराची लक्ष्मी, आन् माझ्या उरावर दुसरी आनून बसवली. एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत." मग त्यांनी झाकण लावलं, त्याच्यावर झोळीतल्या शेंदराचा नवा जाड लेप चढवला आणि रोहिदासला खूण केली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. लोकांनी टाळ्या पिटल्या.

वैजूला राहवलं नाही. "म्हाराज, लगीन लागल्यावर म्या राहूवरनं ह्याच गाडीतनं आले. तवा का न्हाई रुसली?"

 महाराज क्षणभर अडखळले. पण अडखळून सावरायचा त्यांना दांडगा सराव होता. "तवा तिला वाटलं, पाव्हनी हाय. दोन दिसांत जाईल."

लोक पोट धरून हसले. निकाल लागला. गाडीचं मन शांत होईपर्यंत सुनेला माहेरी ठेवायचं. किती दिवस? ते गाडी सांगेल. येत्या रविवारी महाराज स्वतः येऊन मार्गाला नारळ फोडतील, मग तिला पोचवायचं. बबनरावांनी जमिनीकडं पाहिलं. रोहिदासनं ॲक्सिलरेटरकडं. नवऱ्यानं माहेरी आणून टाकलेल्या बाईला गाव काय म्हणतं आणि तिच्या बापाला कोणत्या नजरेनं बघतं, ते वैजूनं शेजारच्या घरात पाहिलं होतं.  तिला राग आला, भयंकर राग. चार चाकांच्या डबड्याला जीव आहे असं मानणाऱ्या या घरात, आपल्यालाही तो आहे हे एकाच्याही लक्षात येऊ नये?

शनिवारी महाराजांच्या जेवणाची तयारी चालली होती. वैजूनं तेलाचा पंधरा किलोचा नवा डबा घेतला, खिळा आणि दगडानं कोपऱ्यात भोक पाडलं आणि कढईवर तिरपा केला. तेल दोनदा गचकलं आणि थांबलं. तिनं डबा हलवला. परत चार थेंब, परत बंद.

"अगं, एका भोकानं त्याल येतंय व्हय?" धुरपदाबाई खेकसल्या. "आयनं एवढंबी शिकवलं न्हाई? पल्याडच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाड. वारा आत गेल्याबिगर त्याल भाईर कसं यील?"

वैजूनं दुसऱ्या कोपऱ्यात खिळा ठोकला. डब्यानं बारीक आवाज केला, "हुस्स," आणि तेलाची सरळ धार लागली.

तिच्या हातातला दगड हातातच राहिला. हा आवाज तिनं ऐकला होता.

"आता काय झालं? भूत बघितलं का?"

"न्हाई, आत्याबाई," वैजू म्हणाली. "भूत गेलं."

दुपारी घर निजलं तशी ती गोठ्याशेजारी उभ्या राजलक्ष्मीकडं गेली. डावी सीट उचलली. झाकणावरचा शेंदूर डोक्यातल्या आकड्यानं थोडाथोडा खरवडला. लेपाखाली, झाकणाच्या मधोमध, सुईच्या टोकाएवढं भोक होतं. मुद्दाम पाडलेलं, कारखान्यातलं. आत वारा जायला.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. खंडेनवमीला महाराजांनी गावातल्या सगळ्या वाहनांच्या टाक्यांना स्वतःच्या हातानं शेंदूर लावला होता. यंत्राचं पोट म्हणजे टाकी, म्हणून. त्याआधी गाडी कधीच बंद पडली नव्हती. रोज पाबळला जाताना रोहिदास कॅनमधून दोन लिटर डिझेल ओतायचा, म्हणजे झाकण रोज उघडायचं. टाकी निम्मी रिकामी, आत वारा भरपूर. पण सासुरवाडीला जावई रिकाम्या टाकीनं कसा जाणार? तेव्हा ती गळ्याशी भरलेली. आत वाऱ्याला जागाच नाही. वीस-एक किलोमीटरवर डिझेल खाली जायचं, त्याच्या जागी वारा यायचा नाही, आणि पुढचं डिझेल येईना, एका भोकाच्या डब्यासारखं. आणि गाडी बंद पडली की रोहिदास आधी काय बघायचा? डिझेल. टाकी कुठं? तिच्या सीटखाली. म्हणून 'उतर जरा'. ती उतरायची, झाकण उघडायचं, वारा आत शिरायचा, गाडी सुरू व्हायची. आणि नाव मात्र तिचं व्हायचं!

तिनं शेंदूर बोटानं दाबून होता तसा बसवला आणि रोहिदासला उठवून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, जांभई दिली आणि म्हणाला, "देवाच्या कामात डोकं घालू न्हाई."

"मग घालायचं कशात, त्ये तरी सांगा," वैजू म्हणाली, आणि तिथून निघाली. नवऱ्याच्या भरवशावर हे सुटणार नाही, हे तिला कळून चुकलं. जे चव्हाट्यावर झालं, ते चव्हाट्यावरच मोडायला पाहिजे होतं.

रविवारी गर्दी दुप्पट. सुनेला गाडी घालवते, असा खेळ रोज कुठं बघायला मिळतो? वैजू पेटी घेऊन बाहेर आली. सासू-सासऱ्यांच्या पाया पडली, महाराजांना लांबूनच हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्या जाते. पन म्हाराज, माझ्या माघारी ह्या सीटवर कुनी बसायचं? उद्या आत्याबाई बसल्या आन् राजलक्ष्मी त्यांच्यावर रुसली, तर त्यांनी कुठं जायाचं? त्यांच्या माहेरी तर आता कुनीबी न्हाई."

धुरपदाबाई दचकल्या. हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

"तुमच्यावर तिचा जीव हाय," वैजू पुढं म्हणाली. "तुमास्नी बघून तिनं सुस्कारा सोडला. तवा आज तुमी ह्या सीटवर बसा. टाकी गळ्यापत्तुर भरू. मामंजी आन् आत्याबाई मागं बसतील. म्या सर्जेमामांच्या टेम्पोत मागनं येते. भीमेच्या पुलापत्तुर कुनी खाली उतरायचं न्हाई, कशाला हात लावायचा न्हाई. गाडी न थांबता पुलावर गेली, तर म्या जन्मात केंदूरला परत येनार न्हाई. सगळ्यांम्होरं सांगते."

पैजेवर गावाचा जीव. "बसा, म्हाराज, बसा!" चहूकडून ओरडा झाला.

महाराजांनी झोळी सावरली. "बसतो की. पन टाकी निम्मीच ठिवा. भरल्या पोटी यंत्राला सुस्ती येती."

"दिवाळीला भरलेली व्हती, जत्रंला भरलेली व्हती," वैजू म्हणाली. "म्हाराज बसल्यावर उपाशी ठिवली, तर तिला काय वाटंल?"

"भरा, भरा!" खुद्द बबनरावांनी कॅन आणला. पार गळ्याशी येईतो डिझेल ओतलं. शेंदरानं माखलेलं झाकण घट्ट बसवलं, वर सीट, आणि सीटवर महाराज.

पुढं राजलक्ष्मी, मागं सर्जेरावांचा टेम्पो, त्याच्यामागं दोन-चार मोटारसायकली. टेम्पोत एवढी माणसं, की दगडाबाई टपाच्या दांडीला धरून एका पायावर उभी होती. वैजू पुढं, सर्जेरावांशेजारी.  तर्क बरोबर होता, पण गाडी आज चुकून पुलावर पोचली तर? शब्द तर दिला होता.

जीपमध्ये काय चाललं होतं, ते बबनरावांनी नंतर सगळ्या गावाला रंगवून सांगितलं. शिक्रापूर आलं तसे महाराज सीटवर चुळबुळायला लागले. "रोहिदास, जरा बाजूला घे. टाकीला परसाद दाखवायचा ऱ्हायला."

"म्हाराज, अट मोडंल," मागून धुरपदाबाई कळवळून म्हणाल्या. "इतक्या लोकांम्होरं तुमचा सबूद पडायचा. बसा जागंवर."

पुढं तळेगावात महाराजांना लघवीला लागली. बाईंनी तीही धरून ठेवायला लावली. भक्त फार निष्ठेचा असला की बुवाचं असं मरण होतं.

तळेगाव मागं पडलं. दोन फर्लांग गेले, चार गेले. वैजूनं डोळे मिटून घेतले. आणि पुढून आवाज आला. आचका, अजून एक आचका. राजलक्ष्मी उसाच्या कडेला जाऊन, महाराजांसकट, गप्प उभी राहिली.

टेम्पो रिकामा झाला. लोकांनी जीपला गराडा घातला.  महाराजांना लगेच कारण सुचलं. "सून मागनं येतीया नव्हं! गाडीला तिचा वास आला."

"वारा म्होरनं मागं वाहतोय, म्हाराज," सर्जेराव म्हणाले. "आमास्नीच तुमच्या गाडीचा धूर येत व्हता."

लोक हसले. महाराज घाईघाईनं उतरले आणि सीट उचलून झाकणाला हात घालायला गेले.

"थांबा!" वैजू मधे आली. "झाकान उघडायचं न्हाई. म्या तिची सवत नव्हं? मग माझ्यासाठी ती सुस्कारा सोडती का, बघू द्या."

तिनं डोक्यातला आकडा काढला. शेंदराच्या लेपात मधोमध टोचला आणि फिरवला.

"हुस्सऽऽऽ!"

झाकण जागचं हललं नव्हतं. तरी राजलक्ष्मीनं मनसोक्त सुस्कारा सोडला, तिच्या वैरिणीच्या हातानं.

"ह्यो सुस्कारा न्हाई," वैजू वळून म्हणाली. "ह्यो वारा हाय. आत्याबाई, काल तुमीच शिकवलं. एका भोकानं त्याल येत न्हाई, वारा आत जायाला दुसरं भोक लागतं. ह्या झाकनाचं दुसरं भोक म्हाराजांनी शेंदरानं बुजवलं. सुरू करा वो."

हे शेवटचं रोहिदासला होतं. त्यानं स्टार्टर मारला. राजलक्ष्मी दोन-तीनदा गुरगुरली आणि सुरू झाली. एरवी तेलाच्या डब्यावरून सुनेला धारेवर धरणाऱ्या धुरपदाबाई आ वासून त्या आकड्याकडं बघत होत्या. "आगं बया," त्या म्हणाल्या, "ह्ये तर मला ठावं व्हतं की!"

ठाऊक होतं, खरंच ठाऊक होतं. केंदुरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात जी अक्कल रोज वापरायची, ती महाराजांपुढं जाताना सगळ्यांनी चपलांसोबत बाहेर काढून ठेवली होती.

सर्जेरावांनी तोवर महाराजांच्या झोळीतला शेंदराचा गोळा काढून चिमटीत मळला. "ह्यात मेन हाय, मेनबत्तीचं मेन! म्हंजी ऊनपावसानं निघू न्हाई असा बेत. म्हाराज, आदी कंच्या ट्रकवर क्लीनर व्हता?"

"भांडगावच्या..." महाराज बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

मग काय विचारता! ब्रह्मचारी मोटारसायकलीच्या मालकानं तिथंच गाडी आडवी लावून झाकण खरवडलं, भोक सापडलं आणि त्याचं डळमळलेलं लग्न परत ठरलं. साहेबराव मात्र तोंड फिरवून उभे राहिले. आठवडाभर ते ट्रॅक्टरची माफी मागत होते आणि शेजाऱ्यांनी ते ऐकलं होतं. महाराजांना कुणी मारलं नाही. वैजूनंच हात लावू दिला नाही. एवढंच झालं, की त्यांना परत न्यायला एकही वाहन तयार होईना. ज्यांना गाड्यांची मनं कळत, ते गुरुदेव भर दुपारी पायी शिक्रापूरच्या दिशेनं निघाले, आणि येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्यांना धूळ चारून गेली.

बबनरावांनी सुनेपुढं हात जोडले. "पोरी, चल माघारी."

"न्हाई, मामंजी. आता निघालेच हाय तर राहूला जाते."

ती डाव्या सीटवर बसली. पूल आला, पूल गेला, राहू आलं. राजलक्ष्मी हूं की चूं न करता वैजूच्या दारात उभी राहिली.  रोहिदास पेटी उतरवून चाचरत म्हणाला, "चुकलं माझं."

"गाडी रुसली म्हनल्यावर तुमी बॉनेटला कान लावू दिला," वैजू म्हणाली. "म्या शेजारच्या सीटवर बसून रडत व्हते, तवा माझ्याकडं मान तरी वळवली व्हती का? गाडीला सभाव नसतोय. डिझेल, वारा आन् आग, एवढंच तिला कळतं. सभाव मानसाला असतो, रागबी मानसालाच येतो. मला आलाय. त्यो जायाला शेंदूर लागत न्हाई, इचार लागतो. आठ दिस करा. पटलं, तर न्यायला या."

वाचणाऱ्यांनो, आपल्या गाडीला नाव ठेवा, हार घाला, हौस असेल तर साडीही नेसवा. ती तुमची माया आहे, तिला कोण हरकत घेणार? पण यंत्र बंद पडलं, तर त्याचं मन वाचायला कुणाला बोलावू नका. झाकण उघडून बघा, कुठलं भोक बुजलंय ते. यंत्र कधीच कुणावर रुसत नाही. यंत्राच्या तोंडून जेव्हा घरातल्या एखाद्या माणसाविरुद्ध निकाल येतो, तेव्हा बोलणारा दुसराच कुणीतरी असतो, आणि त्याची झोळी तपासायची असते.

आठव्या दिवशी सकाळी रोहिदास राजलक्ष्मी घेऊन राहूच्या दारात आला. वैजू बाहेर आली, तिनं सीट उचलली, झाकण काढून पाहिलं. टाकी भरलेली होती. झाकण लख्ख पुसलेलं होतं, आणि मधलं भोक उघडं होतं. तिनं आत जाऊन पेटी आणली.